‘पावती.एकूण’पर्यंतची उडी

प्रोग्रॅमर दिवसभर कोड लिहितो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो लिहितो त्यापेक्षा कितीतरी जास्त वाचतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेलं. तेही सरळ वरून खाली नाही, उड्या मारत. हे फंक्शन कुठे लिहिलंय, हा आकडा कुठून आला, ही ओळ आणखी कुणी वापरली? या उड्यांसाठी एडिटरमध्ये शॉर्टकट असतात. माझं ठाम मत आहे, की रोज एकाच कोडमध्ये वावरणाऱ्याने त्यांत स्वतःची भर घालावी. तयार शॉर्टकट साऱ्या जगासाठी असतात, आपल्या फायली त्यांना ठाऊक नसतात.

मी आपट्याला घरूनच काम करतो. पनवेल-रोहा मार्गावरचं हे छोटं स्टेशन, जवळून वाहणारी पाताळगंगा. काम पतसंस्थांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं: पावत्या, ठेवी, कर्जाचे हप्ते, सगळं मराठीत. पण पडद्यावरची मराठी वाक्यं आम्ही कोडमध्ये लिहीत नाही. तिथे ‘पावती.एकूण’ असं नुसतं नाव असतं, आणि ‘एकूण जमा रक्कम’ हा मजकूर वेगळ्या जेसन फायलीत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून एफ-१२ दाबलं, की त्याची व्याख्या उघडते. ‘पावती.एकूण’वर दाबलं तर काहीच होत नाही, एडिटरच्या लेखी ती अवतरणचिन्हांतली नुसती अक्षरं. मग फाईल उघडा, शोधा, वाचा, परत या. तोवर मूळ ओळीत काय तपासत होतो, तेच डोक्यातून निसटलेलं असतं.

ही उडी तशी जुनी आहे. बिल जॉय यांच्या व्हीआय एडिटरच्या काळापासून युनिक्सवर सीटॅग्ज नावाचं साधन आहे. ते सगळा कोड चाळून कोणतं नाव कोणत्या फायलीत आहे, याची यादी करतं आणि एडिटर ती यादी बघून उडी मारतो. ब्राम मूलेनार यांच्या १९९१ च्या व्हिममध्ये कंट्रोल-टी दाबलं की आलो तिथे परत जाता येतं. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यामुळे भाषा जाणणारा प्रोग्रॅम एकदा लिहिला, की तो अनेक एडिटरना चालतो. पण त्याला जावास्क्रिप्ट कळते, पतसंस्थेची पावती नाही.

शेजारची मुलगी पनवेलला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत ती माझ्याकडे बसून शिकते. ‘पावती.एकूण’वरून थेट त्याच्या मराठी मजकुरावर उडी मारणारं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आम्ही दोघांनी मिळून लिहिलं.

“काका, मग एफ-१२ आपण नव्याने बांधायचं का?”

“नाही गं. ते आधीच ‘व्याख्येकडे जा’ला बांधलेलं आहे. आपण फक्त उत्तर देणारा आणखी एक जण उभा करायचा.”

व्हीएस कोडमध्ये त्याला डेफिनिशन प्रोव्हायडर म्हणतात. एडिटर त्याच्या हातात चालू फाईल आणि कर्सरची जागा देतो. त्याने उलट सांगायचं: अमुक फाईल, अमुक ओळ. एफ-५ दाबलं, की दुसरी खिडकी उघडते आणि तिथे आपलं एक्स्टेन्शन चालवून बघता येतं.

पहिला प्रश्न, कर्सरखालचं नाव ओळखायचं कसं? एडिटर स्वतःहून टिंबाशी शब्द तोडतो, म्हणजे ‘पावती’ वेगळं आणि ‘एकूण’ वेगळं. म्हणून आपला नमुना द्यावा लागतो. जावास्क्रिप्टच्या नमुन्यांतला नेहमीचा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा ओळखतो. म्हणून तिने ‘युनिकोडमधलं कोणतंही अक्षर किंवा टिंब’ असा नमुना लिहिला आणि हाती काय लागतं, ते खाली छापून पाहिलं.

“हा ‘प’वरच थांबतोय.”

युनिकोडच्या वर्गवारीत ‘प’ हे अक्षर आहे, पण काना अक्षर नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचं चिन्ह हे सगळे ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात बसतात. त्यामुळे ‘पावती’चे प, व, त असे तीन सुटे तुकडे पडत होते. नमुन्यात चिन्हांचा वर्ग घातला आणि ‘पावती.एकूण’ अख्खं हाती आलं. जोडाक्षराचं ‘ठेव.शिल्लक’सुद्धा.

‘शेतकऱ्याचे.नाव’ मात्र काही ठिकाणी सापडे, काही ठिकाणी नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसत होतं. हे दुखणं आपल्याच लिपीचं. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, मुळातच वेगळा असलेला ‘ऱ’ आणि हलन्त; दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. कोण कोणत्या कीबोर्डवर लिहितं, त्यावर ते ठरतं. ते जोडचिन्ह अक्षरांत मोडत नाही की चिन्हांच्या वर्गात, म्हणून आमचा नमुना तिथेच थांबे. ते नमुन्यात घेतलं तरी दोन्ही नावं जुळत नाहीत, कारण युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन ही दोन रूपं एक करत नाही. शेवटी तुलना करण्याआधी दुसऱ्या रूपाचं पहिलं करणारी एक ओळ आम्ही लिहिली आणि ती कोड आणि जेसन दोन्हीकडच्या नावांना लावली. साऱ्या एक्स्टेन्शनमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच ओळ. मराठी रोज लिहिणाऱ्या माणसाने हात घातल्याशिवाय ती तिथे आलीच नसती.

बाकीचं लवकर झालं. जेसन फाईल एकदा वाचून कोणतं नाव कितव्या ओळीवर आहे, याची यादी करायची आणि फाईल सेव्ह झाली की यादी पुन्हा करायची. परतीची सोय एडिटरच करतो, विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण. त्याच प्रोव्हायडरमुळे ऑल्ट-एफ-१२ सुद्धा चालू लागलं: चालू ओळ न सोडता मराठी मजकूर तिथेच खाली चौकटीत उघडतो. मी आता तेच जास्त वापरतो. वाचताना जागा न सुटणं हीच खरी कमाई आहे.

तयार एक्स्टेन्शनची एकच फाईल बनते. पावसात इथलं नेट गेलेलं असलं तरी ती पेनड्राइव्हवरून दुसऱ्या लॅपटॉपवर चढवता येते.

आता तिने उलटी वाट मागितली आहे. पतसंस्थेतून फोन येतो तेव्हा समोरचा ‘पावती.एकूण’ म्हणत नाही, तो पडद्यावरचं चुकलेलं वाक्य वाचून दाखवतो. त्या वाक्यावर कर्सर ठेवून शिफ्ट-एफ-१२ दाबलं, की ते जिथे जिथे वापरलंय त्या सगळ्या ओळी दिसायला हव्यात. त्यासाठी रेफरन्स प्रोव्हायडर लागतो. त्याची फाईल तिने उघडली आहे आणि ‘ऱ्य’ची ओळ सर्वांत आधी तिकडे नेली आहे.