मनाचें दुखणें आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

बैलाच्या खांद्यास सूज आली कीं आपण जूं उतरवितों. गव्हावर तांबेरा दिसतांच औषधाची तजवीज करतों. परंतु घरचा कर्ता पुरुष महिना महिना नीट निजत नाहीं, ताटावरून अर्धपोटीं उठतो, कोणी बोललें तर अंगावर येतो, ही गोष्ट मात्र ‘काळजी आहे, जाईल’ म्हणून सोडून दिली जाते. शरीराप्रमाणें मनासही दुखणें होतें व योग्य उपचारानें त्यास उतार पडतो, हें खातेदार बंधूंच्या नजरेस आणावें, हा या लेखाचा हेतु आहे.

पावसाची ओढ, पडलेला भाव व कर्जाचा हप्ता यांची काळजी कोणास नाहीं? पण काळजी निराळी व दुखणें निराळें. काळजी असलेला मनुष्य पाऊस पडतांच औत जुंपतो. दुखणाइतास वाफसा आला तरी उठवत नाहीं. उदासपणा, कामांतून उडालेलें मन, पहाटेपूर्वीं मोडणारी झोप, मंदावलेली भूक, वाढलेलें व्यसन, अकारण अंगदुखी, अशीं लक्षणें दोन आठवड्यांहून अधिक टिकलीं तर तें दुखणेंच समजून डॉक्टरचा सल्ला घ्यावा. घरांतील स्त्रियांकडेही तितकेंच लक्ष असावें. त्या आपलें दुखणें बहुधा डोकेदुखीच्या नांवाखालीं सोसतात.

मग उपचारास आडकाठी कशाची? महसूल खात्याच्या नोकरींत असतां कांहीं खातेदार प्रस्तुत लेखकास खाजगींत विचारीत : ‘रावसाहेब, मनाच्या डॉक्टरकडे नांव लागलें तर सातबाऱ्यास बाध येईल काय? भाऊबंद वांटणींत त्याचा फायदा घेतील काय?’ ही भीति निराधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, हा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्याच्या कलम ३ अन्वयें केवळ मानसिक आजाराचें निदान झालें म्हणून कोणी अस्थिरबुद्धीचा ठरत नाहीं. तसें ठरविणें सक्षम न्यायालयाचें काम आहे. कलम २३ नें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत कर्जाचा बोजा चढतो. दुखण्याचा बोजा चढविण्यास तेथें रकाना नाहीं.

दुसरी भीति पोलिसांची. जिवाचें बरेंवाईट करण्याचा प्रयत्न कोणी केला तर घरचीं माणसें तें लपवीत व उपचारास विलंब होई. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणें असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच गृहीत धरावयाचें असून त्यास सांभाळणें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. दंड संहितेंतील पूर्वीचें कलम ३०९ हें १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत ठेवलेलें नाहीं. सबब लपवालपवी न करितां रुग्णालय गांठावें.

आतां मदत कोठें मिळते तें पाहूं. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींत बोलतां येतें. जिल्हा रुग्णालयांत मनोविकाराच्या डॉक्टरची चौकशी करावी. विदर्भ व मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं २०१५ सालीं ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यांत आशाताईंनीं घरोघर विचारपूस करण्याची योजना होती. आजही गांवच्या आशाताईस विचारल्यास योग्य वाट कळते. समुपदेशक उपदेश करीत नाहीं. तो ऐकून घेतो व गुंतलेला विचार सोडविण्यास साह्य करतो. त्यानें कर्ज फिटत नाहीं हें खरें. पण डोकें थाऱ्यावर आलेला मनुष्य बँकेंत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज देऊं शकतो, खचलेल्यास कचेरीची पायरी चढवत नाहीं. औषध दिल्यास त्याचा गुण येण्यास दोन-चार आठवडे लागतात. बरें वाटूं लागलें म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये.

शेजाऱ्याचें कर्तव्यही मोठें आहे. ‘मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय?’ असें म्हणूं नये. बांधावर शेजारीं बसून ‘अलीकडे झोंप लागते का?’ असें विचारावें व उत्तर पुरें ऐकावें. कोणी ‘मी सर्वांस भार झालों’ असें बोलूं लागला तर जीव देण्याचा विचार मनांत येतो का, हें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट मन मोकळें होतें. अशा मनुष्यास एकटें सोडूं नये, फवारणीचीं औषधें कुलुपांत ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हातीं द्यावी, आणि त्याच दिवशीं मदत मिळवावी. श्रीलंकेंत १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आली व पुढील दहा वर्षांत आत्मघाताचें प्रमाण सुमारें निम्म्यावर उतरलें. ती घटका टळली तर मनुष्य वांचतो, हा त्याचा अर्थ.

प्रत्येक गांवच्या सोसायटीनें आपल्या फलकावर १४४१६ हा क्रमांक ठळक लिहून ठेवावा, आणि सभेस नेहमीं येणारा सभासद दोनदां दिसला नाहीं तर पंचांपैकीं एकानें त्याच्या घरीं जाऊन यावें. त्यास खर्च कांहींच नाहीं.