शेजारच्या सीटवरचा कुत्रा

दोन सीटची बुटकी गाडी, उघडं छत आणि चालकाशेजारी वाऱ्यात कान उडवत बसलेला लॅब्राडॉर. जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत हे चित्र इतक्यांदा दिसतं, की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. आपल्याकडे स्पोर्ट्स कार मोजक्याच लोकांकडे असते, हे खरं. पण पुढच्या सीटवर बसून खिडकीतून डोकं बाहेर काढणारा कुत्रा साध्या हॅचबॅकमध्येही असतोच. स्पोर्ट्स कारमध्ये त्याची प्रत्येक अडचण थोडी मोठी होऊन दिसते, एवढाच फरक. म्हणून उदाहरणाला तीच गाडी घेऊ.

पहिली अडचण जागेची. कुत्र्यासाठी गाडीतली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा म्हणजे मागची सीट, किंवा मागच्या सीटच्याही पलीकडची, मध्ये मजबूत जाळी असलेली जागा. दोन सीटच्या गाडीत या दोन्ही जागा नसतात. उरते ती चालकाशेजारची सीट, आणि तिच्यासमोर डॅशबोर्डमध्ये घडी करून ठेवलेली एअरबॅग. भारतात २०२१ पासून नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. माणसासाठी ती वरदान आहे. धडक बसल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते आणि फुगते. पण तिची सगळी आखणी पट्टा बांधून, पाठ सीटला टेकवून बसलेल्या प्रौढ माणसाच्या छातीसाठी असते. कुत्रा तसा बसत नाही. तो पुढे झुकतो, डॅशबोर्डवर पंजे ठेवतो, नाक काचेजवळ नेतो. म्हणजे जिथे फुगती पिशवी सगळ्यात जोरात येते, नेमकं तिथेच त्याचं डोकं असतं.

काही गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग किल्लीने बंद करता येते. मागची सीट नसलेल्या गाड्यांत असं बटण बसवायला अमेरिकेने १९९०च्या दशकातच परवानगी दिली होती, अर्थात लहान मुलांच्या काळजीपोटी. काही गाड्यांत सीटखालचा वजनमापक आपला आपणच निर्णय घेतो. त्याच्यावर मात्र फार विसंबू नये. बसलेला कुत्रा उभा राहिला, पुढे सरकला, कडेला वळला की सीटवरचं वजन बदलतं, आणि २० किलोचा कुत्रा व ३५ किलोचा कुत्रा यांच्याबद्दल यंत्राचं मत वेगळं पडू शकतं. स्पष्टच सांगायचं तर, ज्या दोन सीटच्या गाडीत ही एअरबॅग हाताने बंद करता येत नाही, त्या गाडीत कुत्र्याला नेऊ नये. यात मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

तीन मजल्यांवरून उडी

बांधलेला नसलेला कुत्रा ब्रेक लागल्यावर कुठे जातो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरूनही कळतं. गाडी थांबते, कुत्रा थांबत नाही. ताशी ५० किलोमीटर हा शहरातला साधा वेग. या वेगाने जाणारी वस्तू अचानक कशावर तरी आदळणं म्हणजे ती जवळपास दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्याही वरून खाली पडण्यासारखं असतं. वेग दुप्पट केला, ताशी १०० केला, तर उंची चौपट होते: तेरा मजले. स्पोर्ट्स कारला हा वेग गाठायला काही सेकंद पुरतात.

थोडा हिशेब आणखी करू. २० किलोचा मोकळा कुत्रा ताशी ५० च्या वेगात डॅशबोर्डवर आदळला आणि दहा सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्या क्षणी त्याच्यावर आणि त्याच्या वाटेत जो असेल त्याच्यावर जवळपास दोन टन वजनाइतका जोर येतो. तोच कुत्रा छातीच्या पट्ट्याने सीटला बांधलेला असेल, तर गाडीचं पुढचं तोंड चेपलं जाण्याचा आणि पट्टा ताणला जाण्याचा फायदा त्याला मिळतो. थांबण्याचं अंतर ६० सेंटिमीटर धरलं, तर जोर सव्वातीनशे किलोच्या घरात येतो. आकडे ढोबळ आहेत, पण सहापटीचा फरक ढोबळ नाही. कुत्रा मांडीवर असेल तर मोजण्यासारखं काही उरतच नाही. स्टिअरिंग आणि माणूस यांच्यामधली उशी म्हणून त्याचा वापर होतो. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणालाही किंवा काहीही ठेवू नये, असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १२५ वं कलम सांगतं. मांडीवरचं पामेरियन त्यात बसतं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

बांधायचं तर कशाने? गळ्यातल्या पट्ट्याने अजिबात नाही. जोराचा ब्रेक लागला की सगळा भार मानेवर आणि श्वासनळीवर येतो. छाती आणि पोट कवेत घेणारा हार्नेस हवा, तोही रुंद पट्ट्यांचा. मात्र बाजारात ‘कार हार्नेस’ म्हणून जे विकलं जातं, ते सगळंच धडकेत टिकतं असं नाही. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ या संस्थेने २०१३ मध्ये अशा हार्नेसच्या, कुत्र्याच्या आकाराचे पुतळे वापरून, धडक चाचण्या घेतल्या. बहुतेक हार्नेस त्यात नापास झाले; कुठे शिलाई उसवली, कुठे पुतळा सीटवरून सुटून पुढे गेला. सातत्याने पास झाला तो एकच. तेव्हा हार्नेस घेताना रंग आणि नक्षीआधी त्याची धडक चाचणी झाली आहे का, हे विचारावं. सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा दोरही आखूडच हवा. कुत्र्याला बसता, उठता, आडवं होता आलं म्हणजे पुरे. लांब दोर म्हणजे आदळेपर्यंतची मोकळीक.

हार्नेसचा आणखी एक उपयोग सहसा कोणी लक्षात घेत नाही. अपघातानंतर घाबरलेला मोकळा कुत्रा उघड्या दारातून थेट महामार्गावर पळतो, किंवा मालकाच्या मदतीला आलेल्या माणसांना जवळ येऊ देत नाही.

वळणं आणि मळमळ

कुत्र्याला आपल्यासारखं घट्ट जोडलेलं गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनीच बांधलेले असतात. धावताना याचा फायदा होतो, लांब ढांग पडते. पण गुळगुळीत चामडी सीटवर चार पायांवर तोल सांभाळताना तेच स्नायू सतत ताणलेले राहतात. घाटातलं ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० च्या वेगाने घेतलं, तर २० किलोच्या कुत्र्याला आठ किलोच्या जोराने कोणीतरी कडेला ढकलल्यासारखं होतं. आपल्याला वळण आधी दिसतं, हाताला धरायला काहीतरी असतं, सीटच्या उभारलेल्या कडा कंबर धरून ठेवतात. कुत्र्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, आणि वळण संपतं न संपतं तोच दुसरं उलट्या दिशेने येतं. आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना हा खेळ अर्धा तास चालतो.

मग गाडी लागते. पिल्लांना जास्त लागते, आणि पुष्कळ कुत्रे वय वाढल्यावर त्यातून बाहेर पडतात. गाडी लागण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच कुत्र्यांकडूनच कळलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात बोटींतून आणि विमानांतून नेलेले सैनिक उलट्यांनी बेजार होत, म्हणून अमेरिकेत या विषयावर संशोधनाला जोर आला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिलिप बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात झोक्याने मळमळणाऱ्या कुत्र्यांवर प्रयोग केले. लहान मेंदूचा आतल्या कानाशी जोडलेला एक छोटा भाग काढून टाकला की त्या कुत्र्यांना झोका लागेनासा होई. मळमळीचं मूळ पोटात नसून तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत आहे, याचा तो भक्कम पुरावा होता. आज असे प्रयोग कोणी मान्य करणार नाही, पण माणसाच्या गोळ्यांमागेही त्या कुत्र्यांचं देणं आहे.

कुत्रा उलटी होण्याच्या बराच आधी सांगत असतो. ओठ पुन्हा पुन्हा चाटणं, जांभया, लाळेची धार, कुंईकुंई, अंग चोरून बसणं. यातलं काही दिसलं की गाडी थांबवून त्याला दहा मिनिटं जमिनीवर चालू द्यावं. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नये. पाणी मात्र द्यावं. मॅरोपिटंट नावाचं खास कुत्र्यांसाठीचं औषध अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत निरोप पोहोचूच देत नाही. अशा औषधांची मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची असते. घरातल्या डब्यातली आपली गोळी मोडून देणं हा उपाय नव्हे.

वारा लागतोय, मग गरम कसं होईल?

उघड्या गाडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे. वाऱ्याने आपल्याला गार वाटतं, कारण आपल्या सगळ्या अंगाला घाम येतो आणि वारा तो उडवतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या तळव्यांपुरताच. त्याचा पंखा म्हणजे धाप: जीभ बाहेर काढून, तोंड-नाकातला ओलावा उडवून तो शरीर थंड करतो. केसाळ पाठीवरून वारा गेल्याने या कामात फार भर पडत नाही. उलट नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातली ४३ अंशांची हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा, म्हणजे साधारण ३८.५ ते ३९ अंशांपेक्षा, गरम असते. तिचा झोत अंगावर घेणं म्हणजे केस वाळवायच्या यंत्रासमोर बसणं. कोकणात दुसरी गत: तिथे तापमान कमी, पण हवा आधीच दमट, त्यामुळे जिभेवरचा ओलावा उडतच नाही. त्यात भर म्हणून डोक्यावर थेट ऊन आणि पोटाखाली तापलेली काळी सीट.

बंद गाडीचं गणित तर याहून क्रूर आहे. कॅलिफोर्नियात झालेला आणि २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास लहान मुलांसाठी होता, पण तो कुत्र्यांनाही लागू पडतो. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर सुखद हवा असतानाही हे घडलं, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. पाच मिनिटांत चहा घेऊन येतो म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्याकडचा चहा पाच मिनिटांत संपत नाही.

पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यामुळे धापेचा पंखा अर्ध्याच वेगाने चालतो. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी लाखो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बुलडॉगला उष्णतेचा त्रास होण्याचा धोका लॅब्राडॉरच्या सुमारे १४ पट आढळला. उष्माघात झालाच, म्हणजे धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, कुत्रा लडखडू लागला, तर आधी तिथेच सावलीत अंगावर भरपूर गार पाणी ओतावं, वारा घालावा आणि मगच दवाखान्याकडे निघावं. पुष्कळ लोक घाबरून आधी गाडी हाकतात. तेवढ्या वेळात नुकसान होत राहतं.

वेगवान वाहनातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्रीचा शेवटही उष्णतेनेच झाला. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत युनियनने ‘स्पुटनिक २’मधून लायकाला अवकाशात पाठवलं. तिला बांधून ठेवायला साज होता आणि धक्क्यांची सवय आधीच करून दिली होती. तरी उड्डाणाच्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १०३ वरून २४० वर गेले. ती काही दिवस जगली असं पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं. यान अतिशय तापल्याने ती अवघ्या काही तासांतच गेली, हे जगाला कळायला २००२ साल उजाडलं.

राहिला आवाज. छत उघडून महामार्गाच्या वेगाने जाताना चालकाच्या कानाशी ८५ ते ९० डेसिबलपर्यंत आवाज असतो, असं मोजमापांत आढळलं आहे. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि कानात बोटं घालणं त्याला जमत नाही. वाऱ्याबरोबर येणारी खडी, धूळ, किडे डोळ्यांत जातात. पगच्या बाहेर आलेल्या डोळ्यांना तर बुबुळावर ओरखडा पडायला एक कण पुरतो. डोकं बाहेर काढल्यावर त्याला आनंद होतो, हे खरंच आहे. वासांचं अख्खं वर्तमानपत्र त्याच्या नाकावर उलगडत असतं. तेच वर्तमानपत्र चार बोटं उघडलेल्या काचेतूनही वाचता येतं.

मग न्यायचंच नाही का? एअरबॅग बंद करता येत असेल, चाचणी झालेला हार्नेस असेल, सीट शक्य तितकी मागे सरकवली असेल, छत बंद आणि वातानुकूलन चालू असेल, तर पहाटेची छोटी फेरी मारायला हरकत नाही. सुरुवात उभ्या गाडीत नुसतं बसण्यापासून करावी, मग फक्त इंजिन चालू, मग गल्लीतली एक चक्कर. गाडी चालवताना शेजारी कुत्र्याऐवजी काठोकाठ भरलेली कळशी आहे असं समजावं. बुटक्या गाडीचा एक फायदाही आहे: सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला आणि आखूड पायांच्या डॅशहुंडला तिच्यात चढायला उडी मारावी लागत नाही. पण उतरतानाही तो थेट रस्त्याच्या पातळीवरच असतो. म्हणून थांबल्यावर आधी हातातला पट्टा हार्नेसला लावायचा, मग सीटचा दोर सोडायचा, आणि दार सगळ्यात शेवटी, तेही रहदारीच्या उलट बाजूचं उघडायचं.