शिकारीच्या वाटेवर विजेची सायकल
अमेरिकेच्या सार्वजनिक जंगलांत नवा वाद : हे वाहन सायकल समजायचे की मोटार?

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत शिकारीचा हंगाम सुरू होतो. कोलोरॅडो, मोंटाना, आयडाहो, वायोमिंग या राज्यांतील जंगलांत परवाना घेतलेले शिकारी पहाटेच्या अंधारात शिरतात. पूर्वी ही मंडळी पायी किंवा घोड्यावरून जात असत. गेल्या काही वर्षांत मात्र जाड टायरची, बॅटरीवर चालणारी सायकल त्यांच्या सामानात दिसू लागली आहे. पुढे बंदूक किंवा धनुष्य अडकवण्याची सोय, मागे सामानाची छोटी गाडी आणि रंग झाडापानांत मिसळून जाणारा, असे तिचे रूप असते. वरकरणी ही हौसेची गोष्ट वाटते. परंतु या सायकलीमुळे सार्वजनिक जंगलावर हक्क कोणाचा आणि तेथील शांततेची किंमत किती, हा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

अमेरिकेत शिकार हा राज्य सरकारांनी नियमबद्ध केलेला व्यवहार आहे. कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, कोणता प्राणी आणि किती संख्येने मारता येईल, हे प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते ठरविते. केंद्र सरकारच्या २०२२च्या पाहणीनुसार त्या देशात शिकाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ४४ लाख आहे. बंदुका व काडतुसांवरील, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने संवर्धनाकडे वळविलेला कर आणि परवान्यांचे शुल्क यांतून वन्यजीव संवर्धनाचा मोठा खर्च भागतो. त्यामुळे शिकारी हा तेथील वनव्यवस्थेतील एक मान्य घटक ठरतो.

प्रश्न मारण्याचा नाही, आणण्याचा

या सायकलीचे आकर्षण समजून घ्यायचे तर शिकारीनंतरचे काम पाहावे लागते. एल्क हे सांबराच्याच कुळातील, पण त्याहून मोठे हरीण. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. कातडे, हाडे, आतडी बाजूला केल्यावरही ९० ते १०० किलो मांस उरते. ते जंगलात टाकून येणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. खाण्याजोगे मांस वाया घालवू नये, असा कायदाच तेथे आहे.

त्यातच वेळेची निकड असते. प्राणी मेल्यानंतर त्याच्या शरीरातील उष्णता दाट केसांच्या कातड्यामुळे आत कोंडून राहते. हाडांलगतचे मांस लवकर थंड झाले नाही तर ते आतून नासू लागते. सप्टेंबरमधील दुपारी उबदार असल्याने धोका अधिक असतो. शिवाय, मोंटाना आणि वायोमिंगच्या काही भागांत ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. रक्ताच्या वासाने ती मांसाकडे येतात आणि दुसऱ्या खेपेला परतलेल्या शिकाऱ्याची त्यांच्याशी गाठ पडू शकते.

आता साधा हिशेब करू. मोटार उभी केलेल्या जागेपासून आठ किलोमीटर आत एल्क पडला आणि मांस ९० किलो निघाले, तर पाठीवर एका वेळी ३० किलो वाहणाऱ्या माणसाला तीन खेपा कराव्या लागतात. तीनदा ओझे घेऊन बाहेर आणि दोनदा रिकाम्या हाताने आत, अशी ४० किलोमीटरची पायपीट होते. डोंगरात ताशी तीन किलोमीटरचा वेग धरला तरी तेरा तासांहून अधिक वेळ जातो. सायकलीमागे ४५ किलो भार ओढणारी दोनचाकी गाडी जोडली तर दोन खेपांत, म्हणजे २४ किलोमीटरमध्ये काम उरकते. ताशी बारा किलोमीटरचा वेग मिळाला तर त्याला दोन तास पुरतात. या फरकामुळेच साठी ओलांडलेल्या किंवा गुडघ्यांनी साथ सोडलेल्या शिकाऱ्यांना ही सायकल वरदान वाटते.

अर्थात, या हिशेबाला मर्यादा आहेत. सायकल वाटेवरच चालते. प्राणी मात्र वाटेवर पडत नाही. दरीतून किंवा पडलेल्या ओंडक्यांच्या रानातून वाटेपर्यंतचे अंतर मांस पाठीवर घेऊनच कापावे लागते.

बॅटरीचे गणित

शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या सायकलींचे वजन साधारणतः ३० किलोच्या आसपास असते. सुमारे चार इंच रुंदीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवली की वाळू, चिखल आणि विरळ बर्फावरून त्या जाऊ शकतात. मोटर चाकाच्या मध्यभागी किंवा पायटे बसविलेल्या ठिकाणी असते. दुसऱ्या प्रकारात मोटरची शक्ती गिअरमधून जात असल्याने तीव्र चढावर भार ओढताना तो अधिक उपयोगी पडतो.

४८ व्होल्ट व १५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२० वॉट-तास वीज साठते. सायकल ३० किलो, स्वार ९० किलो आणि भार ४० किलो, असे १६० किलो वजन ३०० मीटर उंच चढवायचे तर नुसत्या चढासाठी सुमारे १३० वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरमधील घट धरली तर हा आकडा १७०च्या घरात जातो. मऊ जमिनीवरील घर्षण त्याहून वेगळे. म्हणजे सपाट रस्त्यावर कित्येक किलोमीटर पुरणारी बॅटरी डोंगरात दोन-तीन मोठ्या चढांतच दमते. थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता आणखी घटते. गोठणबिंदूखाली ती चार्ज केल्यास कायमचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे जाणकार शिकारी रात्री बॅटरी तंबूत, उबदार जागी ठेवतात. परतीच्या वाटेवर बॅटरी संपली तर तीस किलोची सायकल आणि मांस, दोन्ही ढकलत आणण्याची वेळ येते.

कायद्याच्या नजरेतून

खरा पेच कायद्याचा आहे. अमेरिकी काँग्रेसने २००२मध्ये कमी वेगाच्या विजेच्या सायकलीची व्याख्या केली. मोटर ७५० वॉटपेक्षा कमी आणि केवळ मोटरवर वेग ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे ३२ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर तिला ग्राहक सुरक्षेपुरते सायकल समजावे, असे त्यात म्हटले होते. पुढे अनेक राज्यांनी तीन वर्ग स्वीकारले. पहिल्या वर्गात पायटे मारल्यावरच मोटर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत साथ देते. दुसऱ्यात पायटे न मारताही मूठ पिळून तेवढाच वेग मिळतो. तिसऱ्यात पायटे मारत ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत मिळते.

जंगलाच्या वाटेवर हे वर्ग पुरेसे ठरले नाहीत. ऑगस्ट २०१९मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी एक आदेश काढून, आपल्या खात्याच्या जमिनींवर या वाहनांना साध्या सायकलींप्रमाणे वागणूक देण्यास सांगितले. त्यानुसार २०२०मध्ये नियम झाले. २४ कोटी ५० लाख एकरांचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटला ते लागू आहेत. मात्र, कोणती वाट खुली करायची याचा निर्णय स्थानिक अधिकाऱ्याकडे ठेवण्यात आला. ती आपोआप खुली झालेली नाही.

१९ कोटी ३० लाख एकर राष्ट्रीय वनांचा ताबा असलेली फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याच्या अखत्यारीत येते. तिची भूमिका वेगळी आहे. २०२२मध्ये तिने तिन्ही वर्गांची व्याख्या स्वीकारली, तथापि विजेची सायकल हे मोटर वाहनच, हे तत्त्व कायम ठेवले. त्यामुळे मोटारींना बंद असलेली वाट तिला खुली करायची तर स्वतंत्र निर्णयप्रक्रिया पार पाडावी लागते. राखीव निबिड अरण्यांत तर १९६४च्या विल्डरनेस कायद्याने यांत्रिक वाहतूकच निषिद्ध आहे. तेथे विजेचीच काय, साधी सायकल किंवा मांस ओढण्याची चाकांची हातगाडीही चालत नाही. घोडा आणि खेचर मात्र चालतात.

परिणामी, एकाच दिवशी एकाच डोंगरात फिरणारा शिकारी अर्ध्या वाटेवर कायदेशीर आणि पुढच्या फाटकापलीकडे गुन्हेगार ठरू शकतो. त्याला राज्याचे वेगळे नियम, लाकूड कंपन्यांच्या खासगी रस्त्यांवरील वेगळ्या अटी यांची जोड मिळते.

शांततेची किंमत

विरोधकांचा आक्षेप आवाजाचा नाही, पोहोचीचा आहे. मोटारींना बंद असलेल्या जंगलात आत जाण्यासाठी घाम गाळावा लागतो. या कष्टांमुळेच आतल्या भागात माणसांची गर्दी होत नाही आणि प्राण्यांना आसरा मिळतो, असे पायी जाणारे शिकारी सांगतात. सर्वांनाच सहज आत जाता आले तर तो आसरा उरणार नाही, ही त्यांची भीती आहे.

तिला संशोधनाचा काहीसा आधारही आहे. ओरेगॉन राज्यातील स्टार्की प्रायोगिक वनात रेडिओ पट्टे बांधलेल्या एल्कांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. चारचाकी रानगाड्या, डोंगरी सायकली, पदभ्रमण आणि घोडेस्वारी या चारही प्रकारांना एल्क बिचकतात, असे त्यात आढळले. सर्वाधिक परिणाम रानगाड्यांचा, त्याखालोखाल सायकलींचा होता. त्या सायकली विनामोटरच्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. हिवाळ्यापूर्वी चरबी साठविण्याच्या काळात वारंवार पळावे लागले तर प्राण्याची चरण्याची वेळ आणि ऊर्जा, दोन्ही खर्ची पडतात.

समर्थकांचे उत्तरही दुर्लक्षिण्याजोगे नाही. ही सायकल रानगाडीची जागा घेत असेल तर आवाज, धूर आणि रस्त्याची झीज कमीच होते. सार्वजनिक जमीन सर्वांची असेल तर ती केवळ धट्टाकट्टा तरुण आणि घोडा पाळण्याची ऐपत असलेला श्रीमंत यांनाच का खुली असावी, असा त्यांचा सवाल आहे. यातून, दमछाक झालेल्या शिकाऱ्याला मांस आणण्यापुरती मुभा द्यावी, अशीही सूचना पुढे येते. पण वाटेवरचा माणूस मांस आणायला निघाला आहे की शिकारीला, हे वनरक्षकाने ओळखायचे कसे, येथे घोडे अडते.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्याने हा वाद आपल्याकडे या रूपात उद्भवणार नाही. त्याचे मूळ मात्र अपरिचित नाही. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी देण्याचा विषय २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा एकीकडे हातरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्ट आणि दुसरीकडे वाहनमुक्त डोंगराचे वेगळेपण, अशीच तुलना झाली होती. बिनआवाजाचे, बिनधुराचे वाहन हे वाहन नव्हेच, असे मानायचे का, हा तो प्रश्न. अमेरिकेतील दोन सरकारी खात्यांनी त्याची दोन उत्तरे दिली आहेत. त्या दोहोंच्या सीमेवरील फाटकाशी उभा असलेल्या शिकाऱ्याने सायकलीवर बसण्यापूर्वी नकाशा आणि नियम दोन्ही तपासावेत, हेच तूर्त शहाणपणाचे.