राष्ट्रीय बुद्धिबळ : अखेरच्या फेरीत गुणतक्ता कसा वाचावा

राष्ट्रीय अजिंक्यपद बुद्धिबळ स्पर्धा अलीकडे अकरा फेऱ्यांची होते. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत गुणतक्त्यावर नजर टाकली की स्पर्धेचे चित्र पुरेसे स्पष्ट होते. अखेरच्या दोन फेऱ्यांत मात्र तोच तक्ता वाचकाला चकवा देतो. २०२२ साली कानपूर येथे अर्जुन एरिगैसी, डी. गुकेश आणि पी. इनियन या तिघांचेही ११ पैकी साडेआठ गुण झाले. अजिंक्यपद अर्जुनला मिळाले. २०२४ साली गुरुग्राम येथे कार्तिक वेंकटरामन, सूर्यशेखर गांगुली आणि नीलाश साहा हे तिघेही नऊ गुणांवर थांबले; करंडक कार्तिककडे गेला. दोन्ही वेळी बातमीत कारण दिले गेले ते एवढेच : ‘सरस टायब्रेक गुणांच्या आधारे’. अर्ध्या ओळीत आटोपणाऱ्या या शब्दप्रयोगात अखेरच्या फेरीचे सारे नाट्य दडलेले असते. ते उलगडल्याशिवाय अंतिम फेऱ्यांचा पाठपुरावा करणे म्हणजे केवळ निकालाची वाट पाहणे होय.

अंतिम फेरी म्हणजे अंतिम सामना नव्हे

गोमंतकीय रसिकांनी २०२५ च्या नोव्हेंबरात विश्वचषक स्पर्धा आपल्या भूमीवर पाहिली. ती बाद पद्धतीची होती. शेवटी दोनच खेळाडू उरले. जावोखिर सिंदारोव आणि वेई यी यांचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डाव झाले आणि सिंदारोवने विश्वचषक जिंकला. विजेता कोण, याचा निर्णय पटावर, प्रतिस्पर्ध्याच्या समोर बसून झाला.

राष्ट्रीय स्पर्धेची रचना याहून सर्वस्वी वेगळी आहे. शेकडो खेळाडूंना अकरा फेऱ्यांत खेळवायचे तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून देणे शक्य नसते. म्हणून १८९५ साली झुरिच येथे प्रथम वापरली गेलेली ‘स्विस’ पद्धत येथे अवलंबिली जाते. कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान किंवा जवळपास समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावल्या जातात. एकदा भेटलेले दोन खेळाडू त्या स्पर्धेत पुन्हा भेटत नाहीत, आणि पांढरी व काळी मोहरी शक्यतो समप्रमाणात वाटली जातात.

या नियमांचा परिणाम शेवटी दिसतो. आघाडीवरचे दोघे सातव्या किंवा आठव्या फेरीतच एकमेकांशी खेळून गेलेले असतात. त्यामुळे अकराव्या फेरीत त्यांची गाठ पडते ती अर्धा-एक गुण मागे असलेल्या दुसऱ्याच खेळाडूंशी. अजिंक्यपदाचे दावेदार वेगवेगळ्या पटांवर, वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे बसतात आणि एकमेकांच्या पटांकडे चोरून पाहत राहतात. अंतिम फेरी असते. अंतिम सामना नसतो.

बेरीज दुसऱ्यांच्या गुणांची

गुण समान झाले तर काय, याचे निकष आणि त्यांचा क्रम स्पर्धेच्या माहितीपत्रकात आधीच जाहीर केलेला असतो. संबंधित खेळाडूंमधील परस्पर लढतीचा निकाल हा एक निकष. सर्वाधिक परिचित निकष मात्र बुकोल्झ. ज्यांच्याशी खेळाडू खेळला, त्या सर्वांनी स्पर्धेत मिळविलेल्या गुणांची बेरीज म्हणजे बुकोल्झ गुण. सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून केलेल्या बेरजेला ‘बुकोल्झ कट’ म्हणतात. पहिल्याच फेरीत अगदी दुबळा प्रतिस्पर्धी वाट्याला आल्याची शिक्षा खेळाडूला होऊ नये, हा त्यामागचा हेतू. नऊ गुण दोघांनीही मिळविले, पण एकाने ते अधिक बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळविले असतील तर त्याचे श्रेय त्याला द्यावे, असा या निकषाचा न्याय आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘अ’ आणि ‘ब’ या दोघांचे डाव आटोपले आहेत आणि दोघांचेही नऊ गुण आहेत. ‘अ’च्या सर्व जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे डावही संपले असून त्यांची बेरीज साडेबहात्तर भरते. ‘ब’ची बेरीज बहात्तर, परंतु त्याने दुसऱ्या फेरीत हरविलेला एक खेळाडू सदतिसाव्या पटावर अजून झुंजतो आहे. तो हरला तर ‘अ’ विजेता. त्याने बरोबरी साधली तर बेरजाही समान होऊन पुढच्या निकषाकडे वळावे लागेल. आणि तो जिंकला तर ‘ब’ची बेरीज त्र्याहत्तर होऊन अजिंक्यपद त्याचे. सदतिसाव्या पटावरच्या त्या खेळाडूला आपण राष्ट्रीय विजेता ठरवीत आहोत याची कल्पनाही नसण्याची शक्यता असते. तो आपल्या अर्ध्या गुणासाठी लढत असतो.

म्हणूनच अखेरच्या फेरीत पहिल्या पाच पटांकडेच डोळे लावून बसणारा प्रेक्षक निम्मी स्पर्धा पाहत असतो. आघाडीच्या खेळाडूंचे आधीच्या दहा फेऱ्यांतील प्रतिस्पर्धी कोण आणि ते आज कोणत्या पटावर खेळत आहेत, एवढी नोंद समोर ठेवली तर उरलेली स्पर्धा दिसू लागते.

पंधरा चालींतली बरोबरी

अखेरच्या फेरीत आघाडीवरच्या खेळाडूने अर्ध्या तासात, पंधरा-वीस चालींत बरोबरी मान्य केली की अनेकांचा हिरमोड होतो. खेळाडूने कच खाल्ली, अशी टीकाही होते. पण या निर्णयामागे गणित असते. साडेआठ गुणांवर एकटाच आघाडीवर असलेला खेळाडू बरोबरीने नऊवर पोहोचतो. आठ गुणांवरच्या पाठलाग करणाऱ्यांना त्याला गाठण्यासाठी जिंकावेच लागते. त्यांच्यापैकी कोणी जिंकले तरी बुकोल्झ आपल्या बाजूने आहे, अशी खात्री असेल तर बरोबरी हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. खात्री नसेल तर धोका पत्करून विजयासाठी खेळावे लागते. त्या पंधरा चालींआधी खेळाडूने आणि त्याच्या प्रशिक्षकाने आदल्या रात्री ही आकडेमोड केलेली असते. तीही पूर्ण विश्वासार्ह नसते. कारण बेरजेतील काही आकडे अजून पटांवर घडत असतात. बरोबरी करून उठलेल्या खेळाडूला पुढचे तीन-चार तास काहीच करता येत नाही, हीच त्या निर्णयाची किंमत.

पडद्यावरचा आकडा आणि घड्याळ

आघाडीचे डाव आता घरबसल्या पाहता येतात. पटांना जोडलेल्या यंत्रणेमुळे प्रत्येक चाल पडद्यावर उमटते. गैरप्रकार टाळण्यासाठी अनेक स्पर्धांत प्रक्षेपण काही मिनिटे उशिरा दाखविले जाते. पटाशेजारी संगणकाचे मूल्यांकन दिसते. ‘अधिक एक’ म्हणजे पांढऱ्याची स्थिती साधारण एका प्याद्याइतकी सरस. शून्य म्हणजे समसमान. नवखा प्रेक्षक या आकड्यावरच विसंबतो. संगणकाचे शून्य हे अचूक खेळी करणाऱ्या यंत्राचे शून्य असते. चार तास खेळून थकलेल्या आणि घड्याळात दोनच मिनिटे उरलेल्या माणसाचे नव्हे.

हत्ती आणि उंट विरुद्ध केवळ हत्ती हा अंतिम टप्प्यातील खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. शास्त्रानुसार तो बहुतेक स्थितींत बरोबरीचा. तरीही बचाव करणाऱ्याला मोहरे न मारता सलग पन्नास चाली निभावून न्यावे लागते, आणि मातब्बर खेळाडूही त्यात चुकलेले आहेत. प्रत्येक चालीला तीस सेकंदांची भर पडत असली, तरी तेवढ्या वेळात दर वेळी एकमेव योग्य खेळी शोधणे कठीण असते. म्हणून अखेरच्या तासात मूल्यांकनाच्या आकड्यापेक्षा दोन घड्याळांतील अंतर अधिक बोलके असते.

खालच्या पटांवर काय पणाला लागते

अजिंक्यपद एकाचे असते. पण अर्धा गुण सर्वांचाच मोलाचा. गोव्याच्या भक्ती कुलकर्णी यांनी २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. छोट्या राज्यातील खेळाडू या शिखरावर पोहोचू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेथवर पोहोचण्याची वाट मात्र याच मधल्या पटांवरून जाते.

ग्रँडमास्टर किताबासाठी २५०० गुणांकनाबरोबरच सर्वसाधारणपणे तीन निकष पूर्ण करावे लागतात. प्रत्येकासाठी किमान नऊ डावांत २६०० दर्जाची कामगिरी अपेक्षित असते. प्रतिस्पर्ध्यांत पुरेसे परदेशी खेळाडू हवेत, अशीही अट असते. त्यामुळे भारतीय खेळाडूंना परदेशाची वाट धरावी लागते. गोव्याच्या लिऑन मेंडोन्सा यांचे निकष हंगेरी व इटलीत पूर्ण झाले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्याला जागतिक महासंघाच्या नियमांत परदेशी प्रतिस्पर्ध्यांच्या अटीतून सवलत आहे. घरच्या मैदानावरची ही संधी एखाद्या तरुणाच्या बाबतीत अकराव्या फेरीतील एकाच बरोबरीवर अवलंबून असू शकते. प्रवास, निवास आणि प्रशिक्षणाचा भार वाहणाऱ्या कुटुंबाच्या लेखी तो अर्धा गुण करंडकाहून कमी नसतो.

बेरीज की पट?

१९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले होते. गुण समान, म्हणून मानही समान, हा तेव्हाचा साधा न्याय. आज किताब एकालाच दिला जातो आणि तो बहुधा बेरजेने ठरतो. या बेरजेला तर्क आहे, हे मान्य करावे लागेल. पण तिच्यावर खेळाडूचे नियंत्रण नसते, हेही तितकेच खरे. जुना प्रतिस्पर्धी उत्तरार्धात ढेपाळला, तर त्याची झळ ज्याने त्याला हरविले त्यालाच बसते. पारितोषिकांच्या क्रमवारीसाठी ही पद्धत पुरेशी असेल. देशाचा अजिंक्यवीर ठरविताना पहिल्या स्थानावरच्या समान गुणांसाठी तरी विश्वचषकाप्रमाणे जलद डाव खेळविणे अधिक न्याय्य ठरेल. त्यासाठी आणखी एखादी संध्याकाळ राखून ठेवावी लागेल, इतकेच.

तोवर अखेरची फेरी पाहणाऱ्याने आघाडीच्या तक्त्याशेजारी तीन गोष्टींची नोंद ठेवावी : निकषांचा जाहीर क्रम, दावेदारांचे जुने प्रतिस्पर्धी आणि चालू डावांतील घड्याळे. पहिल्या पटावर हस्तांदोलन झाल्यानंतरही सभागृहात शेवटचा डाव सुरू असेल, तर निकाल लागला असे समजण्याची घाई करू नये.