विद्यार्थ्याची आकाशउडी

विमान तेरा हजार फुटांवर जाऊन पोहोचले आहे. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. तेव्हा ही उंची त्याच्या जवळजवळ अडीच पट झाली. विमानाचे दार उघडे आहे आणि आत बसलेली माणसे एकामागून एक दाराशी येऊन स्वखुशीने बाहेर झेप घेत आहेत. विमानाला आग लागलेली नाही, की त्याचे यंत्र बंद पडलेले नाही. ही माणसे केवळ आनंदासाठी उडी घेत आहेत, आणि त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे मोजले आहेत!

हवाई छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या, साहाय्याने उडी मारण्याचा हा खेळ अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणी पुष्कळ खेळला जातो. तो धाडसाचा आहे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना यातील भीतीपेक्षा खर्चाचीच चिंता अधिक वाटते. अमेरिकेतील कित्येक विद्यार्थी ही अडचण ओलांडून हा खेळ शिकतात. ते कसे, हे आपण पाहू या. त्यासाठी प्रथम उडी म्हणजे काय, हे समजले पाहिजे. नाहीतर कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, हे कळणार नाही.

हवाई छत्री ही कल्पना जुनी आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-झाक गार्नेरीन हा फ्रेंच गृहस्थ पॅरिस शहरावर बलूनने सुमारे तीन हजार फूट उंच गेला आणि तेथून बलूनचा दोर कापून रेशमी छत्रीखालच्या टोपलीत बसून खाली आला. छत्रीत कोंडलेली हवा कधी या कडेने, तर कधी त्या कडेने बाहेर पडे. त्यामुळे टोपली घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झोके खाऊ लागली व बिचारा गार्नेरीन हैराण होऊन भूमीवर पोहोचला. पुढे छत्रीच्या माथ्याला एक भोक ठेवण्याची युक्ती निघाली आणि झोके कमी झाले. आजच्या खेळातील छत्री मात्र गोल नसते. ती लांबट चौकोनी असून तिच्यात सात किंवा नऊ कप्पे असतात. पुढच्या उघड्या तोंडांतून कप्प्यांत हवा शिरली की ती फुगते आणि तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. त्यामुळे ती नुसती खाली येत नाही, तर पुढेही सरकते. दोन हातांतील दोऱ्या ओढून तिला डावी-उजवीकडे वळविता येते, आणि भूमी जवळ आली की दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढून तिचा वेग मोडता येतो.

आता पडण्याविषयी. विमानातून सुटलेला मनुष्य पहिल्या दहा सेकंदांत सुमारे हजार फूट खाली येतो. त्याचा वेग वाढत जातो, तसा हवेचा विरोधही वाढत जातो. अखेर दोघांचा तोल साधतो आणि वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरांवर स्थिरावतो. पुढे प्रत्येक हजार फुटांना सुमारे पाच सेकंद लागतात. तेरा हजार फुटांवरून निघालेल्या शिकाऊ मुलाने पाच हजार फुटांवर छत्री उघडावयाची असे ठरले, तर त्याला मोकळेपणाने पडण्यास किती वेळ मिळेल? हिशेब करून पाहा. पहिल्या हजार फुटांचे दहा सेकंद आणि उरलेल्या सात हजारांचे पस्तीस, असे अवघे पंचेचाळीस सेकंद! एवढ्या वेळात त्याने पोट खाली ठेवून, हातपाय पसरून व कंबर पुढे काढून शरीराला कमानीसारखा बाक द्यावयाचा असतो. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बुडाची जड बाजू खाली करूनच पडते ना? हे तसेच आहे. बाक नीट असला की शरीर स्थिर राहते. तो मोडला की ते गरगरू लागते.

शिकण्याचे मार्ग तीन आहेत. पहिल्यात नवखा मनुष्य शिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी जखडलेला असतो व दोघे एकाच मोठ्या छत्रीने उतरतात. अर्ध्या तासाच्या माहितीवर ही उडी घेता येते; अमेरिकेत तिला साधारणपणे २०० ते ३०० डॉलर पडतात. मौज म्हणून ती ठीक आहे, पण सारे काम शिक्षकच करीत असल्यामुळे शिक्षण फारसे होत नाही. दुसऱ्या मार्गात विद्यार्थी सुमारे साडेतीन हजार फुटांवरून एकटाच उडी घेतो. त्याच्या छत्रीला जोडलेली पट्टी विमानात अडकविलेली असते, ती ताणली जाताच छत्री आपोआप उघडते. विमानाला फार उंच चढावे लागत नाही, म्हणून येथे प्रत्येक उडीस पैसे थोडे लागतात. तिसऱ्या मार्गात पहिल्याच उडीला पूर्ण उंचीवरून झेप असते. दोन शिक्षक दोन बाजूंनी विद्यार्थ्याला धरून त्याच्याबरोबर पडतात आणि छत्री तो स्वतः उघडतो. पुढे एकच शिक्षक सोबत येतो, आणि सात-आठ पायऱ्यांनंतर विद्यार्थी एकटा उडी घेऊ लागतो. दुसऱ्या व तिसऱ्या मार्गात जवळजवळ एक दिवस जमिनीवरच शिक्षण असते. दार कसे सोडावे, उंची दाखविणारे मनगटावरील घड्याळ कसे वाचावे, छत्री बिघडली तर काय करावे, हे सारे तोंडपाठ व्हावे लागते.

हे बिघाडाचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. प्रत्येकाच्या पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात. एक मुख्य व दुसरी राखीव. मुख्य छत्री वेडीवाकडी उघडली आणि नीट वळेना किंवा थांबेना, तर उजव्या बाजूची मूठ ओढून ती तोडून टाकावयाची आणि डाव्या बाजूची मूठ ओढून राखीव छत्री उघडावयाची. हा निर्णय विद्यार्थ्याने २,५०० फुटांच्या वरच घेतला पाहिजे, असा अमेरिकेतील दंडक आहे. त्याखाली विचार करीत बसण्याइतका अवकाश नसतो. मनुष्य बेशुद्ध पडला, किंवा गोंधळून त्याने काहीच केले नाही, तर? त्यासाठी एक चिमुकले यंत्र गाठोड्यात बसविलेले असते. हवेच्या दाबावरून ते उंची व वेग ओळखते, आणि सुमारे साडेसातशे फुटांवरही मनुष्य भरवेगाने पडतच असेल, तर एका लहान पात्याने राखीव छत्रीचे बंधन कापते. १९९१ साली जर्मनीत असे भरवशाचे यंत्र विक्रीस आले आणि तेव्हापासून त्याने पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत.

आता पैशांकडे वळू. अमेरिकेत या खेळाचा पहिला परवाना मिळण्यासाठी किमान २५ उड्या व्हाव्या लागतात, आणि शिक्षक, विमान व भाड्याचे साहित्य मिळून तोपर्यंत सर्वसाधारणपणे अडीच ते चार हजार डॉलर खर्च होतात. एखादा विद्यार्थी शिक्षण सांभाळून आठवड्यास पंधरा तास काम करतो व ताशी १२ डॉलर मिळवितो असे धरा. तीन हजार डॉलरसाठी त्याला २५० तास, म्हणजे जवळजवळ सतरा आठवडे राबावे लागेल. आणि तेही त्या कमाईतून जेवणखाण, पुस्तके व खोलीभाडे यांस एक छदामही न देता! यावरून ही रक्कम त्याच्या दृष्टीने केवढी आहे, ते ध्यानात येईल.

येथे बहुतेकजण एक गफलत करतात. खिशात थोडे पैसे आले की ते एक उडी घेतात, मग दोन महिने पैसे साठवितात आणि पुन्हा एक उडी घेतात. ही रीत वरवर काटकसरीची दिसते. परंतु मधल्या काळात हातपाय शिकलेले विसरतात. शिकाऊ मनुष्याची शेवटची उडी होऊन तीस दिवस उलटले, तर त्याने पुन्हा शिक्षकासमवेत उजळणीची उडी घ्यावी असा तेथे संकेत आहे, आणि त्या उडीचेही पैसे पडतात. म्हणजे तीच पायरी दोनदा चढावयाची आणि दोनदा तिचे मोल द्यावयाचे. त्यापेक्षा वर्षभर एकही उडी न घेता सारी रक्कम साठवावी आणि उन्हाळ्याच्या सुटीत दोन-तीन आठवड्यांत सर्व शिक्षण सलग पुरे करावे, हे पुष्कळ स्वस्त पडते. अर्थात वर्षभर आकाशाकडे पाहत धीर धरणे हे काम उडीपेक्षाही कठीण असेल!

दुसरा उपाय म्हणजे श्रम. प्रत्येक उडीनंतर छत्रीची घडी घालावी लागते, आणि श्रीमंत खेळाडू हे काम पैसे देऊन करवून घेतात. एका घडीला साधारणपणे आठ डॉलर मिळतात. नवख्याला एका घडीस तास लागतो. हात बसला की तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होते. परवाना मिळाल्यावर विमानाच्या एका फेरीचे भाडे तीस डॉलरच्या आसपास असते, म्हणजे चार छत्र्यांच्या घड्या घातल्या की एक फेरी मिळाली. मात्र परक्याची छत्री वाटेल त्याला बांधता येत नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे मुख्य छत्रीची घडी स्वतः उडी घेणाऱ्याने, अधिकृत कारागिराने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करणाऱ्याने घालावी लागते. राखीव छत्रीला तर अधिकृत कारागिराखेरीज कोणी हात लावावयाचा नाही, आणि ती वापरली नसली तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. शिवाय अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांची मंडळे असतात. मंडळातील मुले मिळून एका मोटारीने विमानतळावर जातात, तंबू ठोकून राहतात, आणि संख्या मोठी असल्यामुळे त्यांना काही ठिकाणी दरात सवलतही मिळते.

परवान्यानंतर दर वेळी साहित्य भाड्याने घेणे महाग पडते, म्हणून मुले जुने साहित्य विकत घेतात. संपूर्ण नवा संच घ्यावयाचा तर आठ हजार डॉलरच्या वर जातो. वापरलेला त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतो. जुने म्हणजे वाईट असे नव्हे. तथापि घेण्यापूर्वी ते कारागिराकडून तपासून घेतले पाहिजे. त्याला थोडे पैसे द्यावे लागतात, आणि ते वाचविणे म्हणजे विहीर न पाहता तिच्यात सूर मारण्यासारखे आहे. आणखी एक मोह असतो. मुरलेले खेळाडू आपल्या लहान आकाराच्या, चपळ छत्र्या स्वस्तात विकतात. छत्री जितकी लहान, तितका तिचा वेग अधिक आणि वळण तीव्र. अलीकडील अपघातांपैकी बरेचसे छत्री न उघडल्याने होत नाहीत. ती उत्तम उघडलेली असते, पण भूमीजवळ चुकीचे वळण घेतल्यामुळे मनुष्य आपटतो. म्हणून नवशिक्याने मोठी, संथ छत्रीच घ्यावी. तशी मिळेपर्यंत भाडे भरीत राहावे.

आपल्याकडे अशी नागरी केंद्रे थोडी आहेत. त्यामुळे हौशी माणसांना बहुधा परदेशीच जावे लागते. मूळच्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती! डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावरही उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्या चक्क नऊवारी नेसून विमानातून उतरल्या. पहिली उडी ध्रुवावर घेणे हे इतरांनी गिरविण्याजोगे उदाहरण नव्हे, हे सांगावयास नकोच. पण या खेळात महाराष्ट्राचे नाव कोणी नेले, हे तुम्हांस ठाऊक असावे.

पैशावाचून उडी शिकण्याचा एक मार्ग मात्र भारतातही आहे. राष्ट्रीय छात्रसेनेतील महाविद्यालयीन मुलामुलींपैकी निवडक छात्रांना आग्रा येथील छत्रीधारी सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रात पाठविले जाते. खर्च सरकार करते. छात्राने आणावयाचे ते निकोप शरीर आणि निवडीच्या कसोटीस उतरणारा दम. तेथे आरंभीचे बरेच दिवस विमान दुरूनच पाहावयाचे असते. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून उंचावरून उडी टाकावयाची आणि पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ या क्रमाने लोळण घ्यावयाची, म्हणजे धक्का एका हाडावर न बसता सर्व अंगावर वाटला जातो. ही लोळण झोपेतही घेता येईल इतकी अंगवळणी पडली, की मग छात्रांना सैनिकी विमानात बसवितात. येथे छत्री विमानात अडकविलेल्या पट्टीने आपोआप उघडते. पंचेचाळीस सेकंदांचा मोकळा प्रवास येथे नसतो. दार, हाक, झेप, आणि लगेच डोक्यावर उमललेली छत्री! भूमीवर लोळण घेऊन झाली, की प्रत्येकाने उठून आपली छत्री आपणच गोळा करावयाची आणि ती पाठीवर टाकून मैदानातून चालत परत यावयाचे.