कंधारातील ऑनर्स

ज्या कंधारास राष्ट्रकूटकालीन किल्ल्याचा व जगत्तुंग समुद्र या तलावाचा वारसा लाभला, तेथील विद्यार्थ्याने इतिहासात ऑनर्स पदवी घ्यावी, यात नवल ते काय? घरचा पहिला सवाल मात्र नोकरीचा असतो, आणि तो गैरवाजवीही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी साधी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असल्यास चौथ्या वर्षी संशोधनाचीही मुभा मिळते. त्या वर्षात पाठांतर न करता, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने किल्ल्यातील फार्सी शिलालेखावर ओला कागद थोपटून त्याचा ठसा घ्यावा, तो सावकाश लावावा, हेच खरे शिक्षण. मार्गदर्शक नसल्यास ती निव्वळ मुदतवाढ. म्हणून प्रवेशापूर्वीच, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयास त्या विषयाच्या चौथ्या वर्षाची मान्यता दिली आहे काय, याची चौकशी करावी.