वाटून केलेलं रसायन

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात रसायन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती खेड तालुक्यातली लोटे-परशुरामची एमआयडीसी. कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला आहे. आणि मासे मेल्याच्या दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारीही आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. नोकरीही हवी, खाडीही हवी. म्हणून आज एवढंच बघू, की रसायन बनवताना मुळात कचरा एवढा का निघतो, आणि तो कमी करायला संशोधक काय करतायत.

औषधाचं रसायन बनवायचं तर दोन-तीन पदार्थांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी लागते. त्यासाठी ते मिथेनॉल, टोल्युइन अशा एखाद्या द्रवात विरघळवतात, ढवळतात, तासन्‌तास तापवतात. या द्रवाला म्हणतात द्रावक. तो मालात राहत नाही. काम झालं की त्याला बाहेर काढायचं. काही पुन्हा वापरतात, उरलेला जाळावा किंवा शुद्धीकरणाला पाठवावा लागतो. रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये याचा हिशोब मांडला. औषधांच्या धंद्यात एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा! त्यात मोठा वाटा द्रावकांचा. आपल्या गटाने एक किलो मसाल्यामागे पन्नास किलो कचरा केला असता तर शेजाऱ्यांनी गट कधीच बंद पाडला असता.

मग द्रावकाशिवाय जमेल का? जमतं, आणि ते आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की दोन्ही नाहीसे होऊन काळी पूड होते, तिला कज्जली म्हणतात. आच नाही, पाणी नाही, नुसत्या घोटण्याने नवा पदार्थ. (पारा विषारी आहे. हे घरी कुणीही करून बघू नये.) घासण्याच्या जोरावर होणाऱ्या अशा रसायनक्रियेचं शास्त्र म्हणजे मेकॅनोकेमिस्ट्री. प्रयोगशाळेत आता खलाच्या जागी बॉल मिल असते. पोलादी डबीत पूड आणि पोलादी गोळे घालायचे आणि यंत्राने डबी सेकंदाला तीसेक वेळा हलवायची. कधी कधी दोन-चार थेंब द्रव घातला की काम लवकर होतं. पाट्यावर चटणी वाटताना आपण पाण्याचा हबका मारतो, तसंच.

याचं एक छान उदाहरण पुण्यातलं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ मध्ये जाळीदार, सूक्ष्म छिद्रांचे तीन पदार्थ साध्या खलबत्त्यात, खोलीच्याच तापमानाला, द्रावकाशिवाय बनवले. नेहमीच्या रीतीने असे पदार्थ बनवायला बंद नळीत द्रावक घालून १२० अंशांवर तीन दिवस ठेवावं लागे. इथे घोटता घोटता पूड पिवळी, मग केशरी, मग गडद लाल झाली आणि पाऊण तासात काम झालं. तयार पदार्थ उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही टिकले. मात्र त्यांची स्फटिकरचना मध्यमच होती, आणि संशोधकांनी ते स्वच्छ लिहून ठेवलं.

म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. वाटून झाल्यावर माल शुद्ध करायला पुन्हा द्रावक लागला, तर वाचवलं ते तिथेच जातं. गोळे झिजून लोखंड मालात उतरू शकतं. आणि डबीत चिमूटभर होतं ते कारखान्यात टनाने कसं करायचं? त्यासाठी मळसूत्राची यंत्रं आहेत. एका तोंडाने पूड आत, दुसऱ्या तोंडाने माल बाहेर. कुरकुऱ्यांसारखा खाऊ असल्याच यंत्रांतून निघतो. रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्ये निवडलेल्या दहा होतकरू तंत्रांत या रीतीचा समावेश होता.

आता कॉम्प्युटर यात कुठे आला? गोळे किती, कशाचे, वेग किती, वेळ किती, थेंब किती, या पाच गोष्टींचे प्रत्येकी सहा पर्याय धरले तर ७,७७६ प्रयोग होतात. एका मुलीचं आयुष्य त्यात जाईल. मशीन लर्निंग म्हणजे झालेल्या प्रयोगांची वही कॉम्प्युटरला वाचायला द्यायची आणि पुढचा प्रयोग कोणता करावा ते त्याने सुचवायचं. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा पद्धतीची पन्नास जाणत्या रसायनशास्त्रज्ञांशी तुलना केली. सरासरीत कॉम्प्युटर सरस ठरला. मुंबईच्या आयआयटीत राघवन सुनोज यांचा गटही रसायनक्रियेचा निकाल आधीच कसा वर्तवायचा, यावर काम करतो.

पण कॉम्प्युटर वहीत असेल तेवढंच शिकतो. छापून येतात ते बहुतेक जमलेले प्रयोग, फसलेले कुणी छापत नाही. आम्हाला हे फार ओळखीचं वाटलं. कोकम सरबताच्या किती बाटल्या विकल्या हे गटाच्या वहीत असतं, कुठल्या बाटल्या आंबल्या आणि का, हे नसतं. नवशिक्या संशोधक मुलीने फसलेला प्रयोग नीट नोंदवला, तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्याची किंमत जमलेल्या प्रयोगाइतकीच आहे.

असल्या संशोधनाची वाट आपल्या मुलींनाही मोकळी आहे. "पीएचडीचा पाच वर्षांचा खर्च कोण करणार?" म्हणून किती मुलींना एमएस्सीनंतर घरी बसवलं जातं! एमएस्सीला ५५ टक्के असतील तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देता येते. राखीव प्रवर्गांना ५० टक्के चालतात. ती साधारण वर्षातून दोनदा होते. फेलोशिपच्या यादीत नाव आलं आणि संस्थेत प्रवेश मिळाला की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. वयाच्या अटीत बायकांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या सुनांनाही अर्ज करता येईल.